पक्ष्याचा डोळा आणि कॅमेऱ्याची कळ

(द्वितीय वर्ष कला)

द्रोणाचार्यांनी आपल्या शिष्यांची जी परीक्षा घेतली, ती गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. युधिष्ठिराला झाड, गुरुजी, भाऊ आणि पक्षी असे सारेच दिसले. अर्जुनाला मात्र पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला. एकाग्रतेचा धडा म्हणून ही गोष्ट उत्तम आहे. परंतु तिच्यातील एक बारीकशी बाब आपल्या ध्यानात राहत नाही. आदिपर्वात सांगितल्याप्रमाणे झाडावर ठेवलेला तो पक्षी खरा नव्हता, कारागिरांकडून करवून घेतलेला होता. तो मान वळवत नव्हता, पंख झाडत नव्हता, उडून जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. खऱ्या पक्ष्याचे छायाचित्र काढू पाहणाऱ्याला अर्जुनाची एकाग्रता तर हवीच, पण तेवढ्याने भागत नाही, हे मी स्वतःच्या फजितीवरून शिकले. ती फजिती आणि तिच्यातून हाती आलेले चार नियम माझ्या महाविद्यालयीन मित्रमैत्रिणींपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चाळीस छायाचित्रे आणि एक कडे

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याच्या पाणथळ भागाला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तेथे परदेशी बदकांचे थवेच्या थवे उतरतात. आमच्या निसर्ग मंडळाची सहल जानेवारीत तेथे गेली, तेव्हा मंडळाचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. कॅमेरा जुनाच, चोवीस मेगापिक्सेलचा, मध्यम आकाराच्या सेन्सरचा. त्याला ७० ते ३०० मिमीची लेन्स.

सकाळचे नऊ वाजत आले होते. ऊन कोवळे होते. काठापासून सुमारे पंधरा मीटरवर चिखलात शेकाट्यांचा एक घोळका चरत होता. शेकाट्या हा पक्षी आपल्याकडच्या तळ्याकाठी सर्रास दिसतो. अंग काळेपांढरे, चोच सुईसारखी आणि पाय लांबच लांब, गुलाबी. त्यांतील एकाच्या पायात रंगीत पट्टी होती आणि पट्टीवर अक्षरे होती.

ज्यांना या पट्टीचे महत्त्व ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पक्षी कोठून येतात, कोठे जातात, किती वर्षे जगतात हे कळावे म्हणून अभ्यासक त्यांना अलगद पकडतात, पायात क्रमांकाचे कडे किंवा रंगीत पट्टी घालतात आणि सोडून देतात. आपल्या देशात १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी हे काम करते. धातूचे कडे वाचायला पक्षी पुन्हा हाती यावा लागतो. रंगीत पट्टीवरील अक्षरे मात्र दुरूनही वाचता यावीत, अशी सोय केलेली असते. कोणी ती वाचून कळवली तर त्या पक्ष्याच्या आयुष्यातील आणखी एक दिवस, आणखी एक गाव नोंदले जाते. कोणीच वाचली नाहीत, तर तो तेथे आला होता याची कोठेही नोंद राहत नाही.

मी घाईघाईने चाळीस छायाचित्रे काढली. कॅमेऱ्याच्या मागच्या लहानशा पडद्यावर ती सुरेख दिसत होती. मैत्रिणींनी वाहवा केली. तेवढ्यात शेकाट्या उडाला आणि पलीकडच्या बेटावर गेला. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या संगणकावर छायाचित्रे मोठी करून पाहिली, तर चाळीसपैकी एकातही अक्षरे वाचता येईनात. आमच्या सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "चित्रं बिघडली हे खरं, पण कशानं बिघडली?" मला उत्तर देता आले नाही. मग मी ती चाळीस छायाचित्रे एकेक करून तपासायला बसले. या लेखातील बहुतेक ज्ञान त्या चाळीस बिघडलेल्या चित्रांतून आलेले आहे.

अस्पष्टतेचे निदान

वैद्य जसा ताप पाहून लगेच काढा देत नाही, ताप कशाचा हे आधी पाहतो, तसेच येथेही करावे लागते. "फोटो हलला" असे आपण सरसकट म्हणतो. वास्तविक अस्पष्टतेची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकीची खूण निराळी असते.

पहिली खूण : पक्षी पुसट, पण त्याच्याच अंतरावरचा चिखल, दगड किंवा गवत स्वच्छ. याचा अर्थ पक्षी हलला. दोष शटरच्या वेगाचा.

दुसरी खूण : पक्षी पुसट, पण त्याच्या पुढचे किंवा मागचे काहीतरी स्वच्छ. याचा अर्थ फोकस भलतीकडे बसला.

तिसरी खूण : चित्रात काहीच स्वच्छ नाही आणि पाण्यावरच्या चमकत्या ठिपक्यांच्या रेघा झालेल्या आहेत, त्याही सगळ्या एकाच दिशेने. याचा अर्थ आपला हात हलला.

चौथी खूण : काहीच स्वच्छ नाही, रेघाही नाहीत, कडा मात्र वितळल्यासारख्या. याचा अर्थ मधली हवा तापली होती.

या चाळणीतून माझी चाळीस छायाचित्रे काढली तेव्हा तेवीस चित्रांत चिखल स्वच्छ आणि पाय पुसट निघाला. अकरांत पुढची लव्हाळी स्वच्छ होती. चारांत माझा हात हलला होता. उरलेली दोन चांगली स्पष्ट होती, पण त्यांत पट्टी नेमकी कडेने दिसत होती. म्हणजे दोन चित्रांचा दोष शेकाट्याकडे, बाकी अडतीसांचा माझ्याकडे!

शटरचा वेग

कॅमेऱ्याचे शटर उघडते आणि मिटते, तेवढ्या वेळात जे हलेल ते पुसट उमटेल, हे तत्त्व सोपे आहे. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठी बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा केला. तो सेकंदाला बारा चित्रे घेई आणि प्रत्येक चित्राला सेकंदाचा ७२०वा भाग एवढाच वेळ देई. पंखाची हालचाल थांबवून पाहायची तर वेळ अत्यल्प हवा, हे त्यांनी तेव्हाच जाणले होते. माझ्या कॅमेऱ्यावर त्या दिवशी १/२५० सेकंद एवढा वेळ होता; म्हणजे मारे यांच्या जवळजवळ तिप्पट!

आता थोडे गणित करू. कला शाखेच्या वाचकांनी घाबरून जाऊ नये. हे गणित चौथीच्या वर्गाचे आहे. चिखलातून चालणाऱ्या पक्ष्याचे अंग सावकाश पुढे सरकते, पण उचललेला पाय झटकन पुढे येतो. त्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरू. १/२५० सेकंदात तो पाय ४ मिमी पुढे जाईल. पट्टीवरील अक्षराची उंचीही समजा ४ मिमीच आहे. म्हणजे अक्षर आपल्या स्वतःच्या उंचीइतके फरफटले. पाटीवर ओले अक्षर लिहून त्यावरून बोट फिरवावे तसे ते झाले. वेळ १/२००० सेकंद ठेवला असता, तर फरफट अर्ध्या मिलिमीटरची झाली असती आणि अक्षर वाचता आले असते.

कॅमेऱ्याच्या बाजूनेही हाच हिशेब पाहता येतो. ३०० मिमीच्या लेन्समधून पंधरा मीटरवरची वस्तू सेन्सरवर सुमारे पन्नास पटींनी लहान उमटते. ४ मिमीचे अक्षर तेथे ०.०८ मिमीचे होते. आमच्या कॅमेऱ्यात एका मिलिमीटरमध्ये सुमारे अडीचशे बिंदू मावतात, म्हणजे अक्षराच्या वाट्याला वीस बिंदू आले. वीस बिंदूंचे अक्षर वीस बिंदूंनी फरफटले तर काही उरत नाही. दोन-तीन बिंदूंनी फरफटले तर वाचता येते. कॅमेरा जुना होता हे खरे, पण अक्षर वाचण्याएवढी ताकद त्याच्यात होती. ती मी वापरली नाही.

सर्वसाधारणपणे पुढील वेग उपयोगी पडतात. फांदीवर स्वस्थ बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो. चरणाऱ्या, माना हलवणाऱ्या पक्ष्याला १/१००० ते १/१६०० हवा. बगळा, चित्रबलाक, घार अशा मोठ्या पक्ष्यांच्या संथ उड्डाणाला १/१६०० च्या आसपास, आणि वेडा राघू, खंड्या किंवा भिरभिरणारी पाकोळी यांना १/२५०० ते १/३२०० किंवा त्याहूनही जलद.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. हल्लीच्या पुष्कळ लेन्समध्ये हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा असते. आमच्या लेन्समध्येही ती होती आणि ती चालू आहे म्हणून मी निर्धास्त होते. परंतु ती यंत्रणा छायाचित्रकाराचा हात सावरते, पक्ष्याचा पाय नव्हे. हाताच्या कंपासाठी जुना नियम असा की, लेन्सचा जेवढा आकडा तेवढ्या भागाहून वेळ जास्त नसावा. ३०० मिमीला १/३०० सेकंद. सेन्सर मध्यम आकाराचा असेल तर तो आकडा दीडपट करावा, म्हणजे १/४५०. कंप शोषणारी यंत्रणा या नियमात सवलत देते. पक्षी चालू लागला की ही सवलत संपते.

छिद्र

लेन्समधील छिद्राचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, हे सुरुवातीला उलटे वाटते. एफ ५.६ हे एफ ८ पेक्षा मोठे छिद्र आहे आणि त्यातून दुप्पट उजेड आत येतो. लेन्स एफ ८ ला सर्वांत स्वच्छ चित्र देते असे मी कोठेतरी ऐकले होते, म्हणून मी छिद्र एफ ८ ठेवले होते. पुष्कळ लेन्सच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण भिंगाच्या स्वच्छतेतला तो सूक्ष्म लाभ मिळवण्यासाठी मी शटरचा वेग निम्मा गमावला. पै वाचवायला जाऊन रुपया घालवावा, त्यातला हा प्रकार.

मोठ्या छिद्राचा तोटा एवढाच की, स्पष्टतेची पट्टी अरुंद होते. ३०० मिमीच्या लेन्सवर एफ ५.६ ला पंधरा मीटरवर सुमारे अर्ध्या मीटरची खोली स्पष्ट येते. शेकाट्या तीत पुरता मावतो. पण पक्षी सहा मीटरवर आला की तीच खोली नऊ सेंटिमीटरच्या आसपास उरते. समोरून पाहणाऱ्या बगळ्याच्या चोचीच्या टोकावर फोकस बसला तर डोळा पुसट होतो. अशा वेळी छिद्र एफ ८ करावे, म्हणजे ही खोली तेरा सेंटिमीटरच्या जवळपास जाते. किंवा त्याहून सोपे म्हणजे पक्षी आडवा वळेपर्यंत थांबावे. एफ १६ किंवा एफ २२ पर्यंत मात्र जाऊ नये. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांवर पसरतो आणि सारे चित्रच किंचित मऊ पडते.

आयएसओ

तिसरा आकडा आयएसओचा, म्हणजे सेन्सरकडून आलेली प्रकाशाची खूण कॅमेरा किती वाढवून घेतो याचा. आकडा दुप्पट केला की निम्म्या वेळात काम भागते. पण वाढवावा तसे चित्रात दाणे दिसू लागतात. दाण्यांच्या भीतीने मी आयएसओ १०० वर ठेवला होता. आता तेवढ्याच उजेडात काय करता आले असते ते पाहा. मी ठेवले होते एफ ८, १/२५० सेकंद, आयएसओ १००. छिद्र एफ ५.६ केले की वेळ होतो १/५००. आयएसओ २०० केला की १/१०००. आयएसओ ४०० केला की १/२०००. दोन चाके तीन घरे फिरवायची होती, एवढेच! सूर्य तोच, कॅमेरा तोच, पक्षी तोच; आणि अक्षर वाचता आले असते. आयएसओ ४०० चे दाणे तर आमच्या जुन्या कॅमेऱ्यातही शोधावे लागतात.

दाणे आणि फरफट यांत निवड करायची वेळ आली तर दाणे पत्करावेत. दाणे संगणकावर बऱ्याच अंशी कमी करता येतात. हलल्यामुळे गेलेला तपशील मात्र चित्रात उतरलेलाच नसतो; तो मागाहून खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही. जे अक्षर उमटलेच नाही ते कोणते यंत्र वाचणार?

उजेडाचा अंदाज घेण्यासाठी एक जुना नियम पाठ करून ठेवावा. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ असेल तर वेळ आयएसओच्या आकड्याइतका भाग. आयएसओ ४०० तर १/४०० सेकंद. एफ १६ वरून एफ ५.६ वर येणे म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणून १/३२०० सेकंद. पहाटेचा उजेड लख्ख उन्हाच्या आठव्या हिश्शाएवढा असेल तर त्याच आकड्यांवर १/४०० सेकंदच मिळेल. मग १/१६०० साठी आयएसओ १६०० करण्यास कचरू नये.

दर वेळी एवढा हिशेब करणे ज्यांना जिवावर येते त्यांच्यासाठी सोपी वाट अशी : कॅमेरा 'एम' या खुणेवर ठेवावा, छिद्र एफ ५.६ आणि वेळ १/१६०० किंवा १/२००० असा आपण ठरवून द्यावा आणि आयएसओ तेवढा कॅमेऱ्याने आपोआप निवडावा, अशी सोय चालू करावी. त्याला कमाल मर्यादा, म्हणजे ३२०० सारखी, घालून द्यावी. मी आता हीच पद्धत वापरते. फक्त उजेड मर्यादेपेक्षा कमी झाला की चित्र काळवंडते. तेव्हा पक्षी बसलेला असेल तर वेळ वाढवावा, उडत असेल तर कॅमेरा खाली ठेवून नुसते पाहावे.

फोकस

अकरा चित्रांत लव्हाळी का स्वच्छ आली? कारण फोकस कोठे बसवायचा हे मी कॅमेऱ्यावर सोपवले होते. आमच्यासारखा जुना कॅमेरा अशा वेळी सहसा जवळची, ठळक रेघांची वस्तू पकडतो. त्याला लव्हाळ्यात रस होता, मला शेकाट्यात; आणि हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

बसलेल्या किंवा चरणाऱ्या पक्ष्यासाठी फोकसचा एकच बिंदू निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. शेकाट्याच्या पट्टीसाठी तो पायावर ठेवण्याचा मोह होईल, पण तसे करू नये. पाय काडीसारखा बारीक असतो. बिंदू घसरून मागच्या पाण्यावर बसतो. पक्षी आडवा असताना डोळा आणि पाय जवळजवळ एकाच अंतरावर असतात, म्हणून डोळा धरला की पायही मिळतो.

दुसरी गोष्ट फोकसच्या प्रकाराची. एका प्रकारात कळ अर्धी दाबली की फोकस बसतो आणि तेथेच थांबतो. दुसऱ्यात कळ दाबून ठेवली असेतो तो पक्ष्यामागे फिरत राहतो. निकॉनच्या कॅमेऱ्यावर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांवर एआय सर्व्हो. पक्ष्यांसाठी हा दुसरा प्रकार घ्यावा. पक्षी आपल्याकडे दोन पावले चालत आला तरी पहिल्या प्रकारातला फोकस मागे राहतो. नव्या कॅमेऱ्यांत तर पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखून धरून ठेवणारी सोय आलेली आहे. अर्जुनाचे काम आता यंत्र करू लागले म्हणायचे! तरीही काड्याकुड्यांच्या गर्दीत तेही चुकते, तेव्हा एका बिंदूची सवय असलेली बरी.

उडता पक्षी आणि गोफण

उडणाऱ्या पक्ष्याला एक बिंदू पुरत नाही, तो निसटतो. तेथे मधल्या चार-पाच बिंदूंचा गट घ्यावा. सेकंदाला दहा मीटर वेगाने पंधरा मीटरवरून जाणारा पक्षी १/२००० सेकंदातही ५ मिमी पुढे सरकतो, म्हणजे वरच्याच हिशेबाने पंचवीस बिंदू. निव्वळ शटरच्या वेगाने तो थांबत नाही. कॅमेराही त्याच्याबरोबर फिरवावा लागतो.

हे कसे करायचे ते मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही, आमच्या वडिलांच्या गोफणीने शिकवले. ज्वारी हुरड्यात आली की ते मचाणावर उभे राहून पाखरे राखतात. लहानपणी मी गोफण फिरवायची तेव्हा गोटा सुटताच हात थांबवायची. ते म्हणायचे, "हात मधीच थांबवला का गोटा भलतीकडं जातो. गोटा सुटला तरी हात चालू दे." कॅमेऱ्याचेही तसेच आहे. पक्षी लांब असतानाच त्याला चौकटीत घ्यावे, कंबरेतून वळत त्याच्याबरोबर जावे, चालत्या हातानेच कळ दाबावी आणि कळ दाबून झाल्यावरही हात चालू ठेवावा. बहुतेक जण कळ दाबताना थबकतात आणि पक्षी चौकटीबाहेर जातो. पाखरे हुसकावण्याची विद्या पाखरे टिपण्याच्या कामी आली, याची वडिलांना फार गंमत वाटते.

आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळा पडतो, तेव्हा उजेडाची भरपाई अधिक एकच्या आसपास द्यावी. उलट गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर ती उणे करावी, नाहीतर पिसे जळून नुसता पांढरा डाग उरतो. पिसे न् पिसे दिसणे हीही स्पष्टताच होय. 'एम' खुणेवर भरपाई न देणारे काही जुने कॅमेरे आहेत. तेथे आयएसओ आपणच ठरवावा.

आकड्यांपलीकडचे

काही गोष्टी कॅमेऱ्याच्या कोणत्याही चाकावर नाहीत. ऊन चढले की चिखलावरची आणि पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरची एस.टी. पाण्यात तरंगताना दिसते, तोच हा प्रकार. त्या हवेतून दूरचा पक्षी कितीही मोलाच्या लेन्सने काढला तरी स्वच्छ येत नाही. त्यावर उपाय एकच, लवकर उठणे.

हात टेकवायला आधार हवा. तिपाई नसेल तर जुन्या पँटचा एक पाय कापून, दोन्ही तोंडे शिवून, आत ज्वारी भरावी. ही उशी कठड्यावर किंवा बांधावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली की हात स्थिर राहतो. चार चित्रांतला माझा दोष या उशीने गेला आणि तिला खर्च काही आला नाही.

कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर विश्वास ठेवू नये. दोन-तीन चित्रे काढताच एक मोठे करून पक्ष्याचा डोळा पाहावा. त्या दिवशी मी हे केले असते तर तिसऱ्या चित्रानंतरच चूक कळली असती आणि सदतीस संधी हातात होत्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जवळ जाणे हा स्पष्टतेचा उत्तम उपाय आहे, पण तो आपण अंतर तोडून करायचा नाही, पक्ष्याने जवळ येऊन करायचा. बसून राहावे, गडद कपडे घालावेत, बोलू नये. उड्डाणाचे चित्र हवे म्हणून खडा मारून थवा उठवणारे लोक मी पाहिले आहेत. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला तेथे पोट भरायचे असते. प्रत्येक उड्डाणात त्याची शक्ती खर्च होते. घरट्याजवळ तर जाऊच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील पक्ष्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याची भीती नसती तरी ते करू नये.

समारोप

सारांश एका पोस्टकार्डावर मावेल एवढा आहे. आधी शटरचा वेग पक्ष्याच्या हालचालीवरून ठरवावा. मग छिद्र मोठे ठेवावे. उरलेली तूट आयएसओने भरून काढावी. फोकसचा बिंदू आपण निवडावा, पक्ष्यामागे फिरणारा प्रकार घ्यावा आणि डोळा धरावा. हात टेकवावा. दोन चित्रे काढून एक मोठे करून पाहावे. हे कार्ड मी लिहून निसर्ग मंडळाच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलेले आहे. ज्या कुणाच्या हाती पुढे तो कॅमेरा येईल त्याने ते आधी वाचावे.

आठ दिवसांनी मी पुन्हा नांदूरमध्यमेश्वरला गेले. आकडे पाठ होते, उशी बरोबर होती. शेकाट्ये पुष्कळ होते. पट्टीचा तेवढा दिसला नाही. दुपारपर्यंत शोधले. एका शेकाट्याचे चित्र मिळाले, त्यात त्याचा तांबडा डोळा, डोळ्यातले चमकते ऊन आणि पायाला चिकटलेला चिखल इतका स्पष्ट आला की, अक्षर असते तर सहज वाचले असते. पायात काही नव्हते.

ती चाळीस चित्रे मी पुसलेली नाहीत. त्यांत एक पक्षी आहे, त्याच्या पायावर कोणीतरी काहीतरी लिहिले आहे, आणि ते वाचण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा मला वाचता आले नाही. आमच्या घरात लिहिलेले वाचण्याची किंमत सर्वांना ठाऊक आहे. वाचकांपैकी कोणाला असा पक्षी दिसला, तर निदान चाके तीन घरे फिरवायला विसरू नका.